एका वेळी एकच खुंटी

मूल,
७ ऑक्टोबर १९५९

ती. लटारूभाऊस,
धाकट्या मुखरूचा नमस्कार.

काल सकाळी मी एका बाईच्या पोटाला बाबाचे धोतर बांधले.

हे वाचून तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधीच सांगतो की धोतर स्वच्छ होते. बाबा गेल्यावर मी एक मागून घेतले होते, तेच हे. माझ्या खोलीत देवाच्या फळीवर घडी करून ठेवलेले असते. काल आंघोळ करून दिवा लावला, धोतर खाली घेतले, दवाखान्यात नेऊन उकळत्या पाण्यात घातले, चुलीच्या उबेला वाळवले आणि चार पदरी करून बाईच्या कमरेखालून ओढून घेतले. देवाला विचारले नाही. तो नाही म्हणेल असे वाटले नाही.

बाईचे नाव सुकरी. घोटच्या पुढच्या रानातली. धुऱ्यावरचे गवत कापताना तिला परड चावली. नवरा डोमा आणि गावातली तीन माणसे तिला खाटेवर घालून, नदी डोंग्याने ओलांडून, पुढे मोटारीने घेऊन आली. सापाच्या विषावरचे इंजेक्शन दिले, हिरड्यांतून येणारे रक्त थांबले, आणि आम्हाला वाटले की वाचली. पण परडीचे विष जाता जाता गुरदे बंद करून जाते. तीन दिवस लघवीचा थेंब नाही. अंग सुजले, श्वासाला करकर लागली, बोलणे असंबद्ध झाले. नागपूरपर्यंत ती टिकली नसती.

आमचे डॉक्टर गुणवंतराव मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दोन वर्षे होते. तिथे त्यांनी पोट धुण्याची रीत पाहिली होती. बेंबीखाली बारीक छेद घेऊन रबरी नळी आत घालायची आणि मीठ-साखरेचे कोमट पाणी दोन बाटल्या भरून पोटात सोडायचे. ते तासभर आत ठेवले की आतल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मग नळीचे दुसरे टोक खाली धरून पाणी काढून घ्यायचे आणि नवे भरायचे. गुरदे जे काम करतात ते काम काही दिवस पोटाकडून करून घ्यायचे, तोवर गुरदे जागे होतात. साखर जास्त घातली तर अंगातली सूजही ओढून निघते. सुकरीला सूज फार, म्हणून डॉक्टरांनी साखर जास्तच घातली होती.

परवा पहिल्यांदा धुतले. पाणी आत होते तोवर बाई बरी होती. बाटली जमिनीवर ठेवून नळीचा चिमटा सोडला, दहा मिनिटांत पोट रिकामे झाले, आणि पाऱ्याच्या पेटीवर रक्ताचा दाब चौऱ्याऐंशीवरून चोपन्नावर आला. हातपाय गार. डॉक्टरांनी खाटेचे पायथे विटांवर चढवले, दाब चढवायचे औषध शिरेतून सुरू केले, तेव्हा कुठे ती परत आली. दुसऱ्या वेळी तर पारा बोलेना. माझे बोट तिच्या मनगटावर होते आणि बोटाखाली काही नव्हते. मी नाडी मोजताना देवाचे नाव घेत नाही, आकडा चुकतो. त्या वेळी मोजायलाच काही नव्हते म्हणून घेतले.

काल सकाळी डॉक्टर म्हणाले, "नळी काढून टाका. धुतलं नाही तर ही चार दिवसांनी जाईल, धुतलं तर आत्ता जाईल."

मी म्हणालो, "साहेबजी, एक बोलू का?"

"बोल."

"आपण तुडुम पुरा उघडून राह्यलो जी."

"काय उघडून राह्यलो?"

ते नागपूर शहरातले. तलाव त्यांनी फिरायला जाण्यापुरता पाहिला आहे. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायला दगडी पायऱ्यांचे तोंड असते, त्याला तुडुम म्हणतात. पायरीपायरीवर भोक, भोकात लाकडी खुंटी. पाणी पाहिजे तेव्हा वरची एकच खुंटी काढायची. पाणी तिच्याखाली उतरले की थांबायचे, पाळ न्याहाळायची, मगच दुसरी. सगळ्या एकदम काढल्या तर पाळ बसते. पाणी पाळीला नुसते ढकलत नाही, धरूनही ठेवते.

डॉक्टर मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "पुस्तकात असं नाही."

नर्स इंदुताई हळूच म्हणाल्या, "पुस्तकात दोन बाटल्या आहेत, डॉक्टर, पण त्या ठणठणीत माणसाच्या पोटासाठी असतील. हिच्यात राह्यलंय काय?"

डॉक्टरांनी सुकरीचे पोट चाचपले. मग म्हणाले, "पोटातलं पाणी काढताना पट्टा आवळतात, ते जलोदरात मी केलंय. आपल्याकडे एवढा रुंद पट्टा आहे?"

पट्टा नव्हता, म्हणून धोतर.

काल आम्ही अर्धीच बाटली आत सोडली. साखर निम्म्यावर आणली. काढायची बाटली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवली, खाटेहून जेमतेम वीतभर खाली, म्हणजे धार बारीक येते. पोट पुरे रिकामे करायचेच नाही, थोडे पाणी नेहमी आत. जसजसे पाणी येईल तसतसे मी धोतर एकेक बोट आवळत गेलो. दर पाच मिनिटांनी दाब. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. तिथे मी चिमटा लावला आणि थांबलो. डॉक्टर म्हणाले, "थांबलास का?" मी म्हणालो, "पाळ पाहून राह्यलो जी." आठ मिनिटांनी ब्याऐंशी. पुन्हा चिमटा सैल केला. दिवसभरात सहा वेळा धुतले आणि दाब एकदाही अठ्ठ्याहत्तरच्या खाली गेला नाही.

भाऊ, एकूणपन्नास वर्षांच्या आयुष्यात मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हे लिहायला लाज वाटत नाही.

जाताना डॉक्टरांनी विचारले, "मुखरू, हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "बाबा आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते जी. पाणी सोडणं, वाटणं त्यांच्याकडे. त्यांनीच शिकवलं."

हे खरे आहे. पुरे खरे नाही, ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. पंचवीस वर्षांत मी तुला नऊ पत्रे लिहिली. पाऊस लिहिला, तब्येत लिहिली, ते वर्ष कधी लिहिले नाही. आजही लिहीत नाही. बाबाचे धोतर कामी आले एवढे तुला कळावे, कारण ते तुझ्याही बापाचे आहे.

रुखमावहिनींना नमस्कार.

तुझा,
मुखरू


मूल,
१२ ऑक्टोबर १९५९

ती. लटारूभाऊस,
नमस्कार. सोबत दसऱ्याचे आपट्याचे पान ठेवले आहे.

सुकरी आहे. धोतर बांधल्याला आज सातवा दिवस. लघवी अजून नाही, पण बोलणे ताळ्यावर आले आहे आणि काल तिने भाताची पेज मागितली. दाब सकाळी नव्वद होता.

दवाखान्यात आता नवा शब्द चालू झाला आहे. धार वाढली की इंदुताई आपल्या टेबलापाशी बसूनच म्हणतात, "मुखरूभाऊ, खुंटी घाला." काल डॉक्टरही म्हणाले. त्यांच्या वहीत त्यांनी इंग्रजीत बरेच लिहिले आहे आणि मध्येच देवनागरीत 'खुंटी' लिहिले आहे. मला बोलावून दाखवले.

डोमा पहिल्या दिवसापासून खाटेच्या पायथ्याशी बसून असतो. त्याला मराठी थोडी येते. परवा मला म्हणाला, "दादा, एक गोष्ट समजत नाई. तुमी येर टाकता, मग येर काढता. घडीत टाकता, घडीत काढता. मग टाकता काऊन?" येर म्हणजे पाणी. मी त्याला तलावाची गोष्ट सांगितली. तो नीट ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे माजी बायको तलाव झाली."

"तसंच समज."

"मग मासे कवा निघतीन?"

सुकरी हसली. दाब मोजायची पट्टी तिच्या दंडावर होती आणि पारा सहाने वर चढला. औषधाने जे अर्ध्या तासात होते ते डोमाने एका बोलण्यात केले. जाताना तो मला म्हणाला, "आमच्या देवाले मी सांगून आलो. तुमच्या देवाले तुमी सांगा." मी म्हणालो की रोज सांगतो.

आता काल दुपारचे लिहितो. त्यासाठीच हे पत्र आहे.

आमच्याकडे बिरजू म्हणून वॉर्डाचा कामकरी आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, भल्या मोठ्या मिशा, दिवसभर कोणाची ना कोणाची थट्टा. इंदुताई बाळंतिणीकडे गेल्या होत्या. मी बिरजूला बसवून जेवायला गेलो. चिमटा लावलेला होता, पाणी आत होते. त्याला म्हणालो, "फक्त पाहत राहा, कशाले हात नको लावजो." तो म्हणाला, "हात बांधूनच जा नं मग."

मी परत आलो तेव्हा बाटली स्टुलावर नव्हती, जमिनीवर होती. चिमटा पुरा उघडा. पोट सपाट, धोतर सैल होऊन बाजूला पडलेले, आणि सुकरीचे ओठ राखेसारखे. बिरजू भिंतीला टेकून उभा होता. मी धावत जाऊन चिमटा दाबला, बाटली उचलली, एका हाताने धोतर आवळू लागलो. तेवढ्यात डॉक्टर आणि इंदुताई आत आले. डॉक्टरांनी पारा पाहिला. पन्नास. मग माझ्या हाताकडे पाहिले. माझा हात चिमट्यावर होता.

"मुखरू," ते म्हणाले, "तू उघडलास? तू?"

भाऊ, अशा वेळी तिथे उभा असलेला माणूस कसा दिसतो हे तुला सांगायला नको.

मी बोललो नाही. का, ते मला अजून नीट उमगले नाही. बिरजूला सांभाळून घ्यायचे होते असे लिहिले तर खोटे होईल. मला वाटते, मला पाहायचे होते.

बिरजूने एक श्वास घेतला. एकच. मग भिंतीपासून पुढे झाला आणि म्हणाला, "साहेबजी, मी उघडलो. तिचा दम कोंडून राह्यला होता, मले वाटलं पानी काढून टाकलं तर सुटंल. घाबरलो मी. मुखरूभाऊ तर बंद करून राह्यले."

डॉक्टरांनी त्याला दोन मिनिटे झाडले. मग कामाला लागले. अर्धी बाटली कोमट पाणी परत पोटात सोडले, धोतर घट्ट केले, पायथे उचलले, शिरेतून मिठाचे पाणी थेंब थेंब चालू केले, औषध वाढवले. तासाभराने बहात्तर. चार वाजता शहाऐंशी. डोमा सगळा वेळ तिचा तळवा घासत होता. 

संध्याकाळी बिरजू चहाचे भांडे घेऊन आला. म्हणाला, "शिव्या तर पचल्या, आता चहा पचतो का पाहू." मी त्याला विचारले, "भेव नाई वाटलं बोलताना?" तो म्हणाला, "वाटलं नं. पण तुमच्या हाताकडं पाहूनच राह्यले होते सगळे. तो हात तुमचा होता, काम माझं होतं."

एवढेच बोलला. मग त्याने चहात गूळ कमी पडला म्हणून दुकानदाराला नावे ठेवायला सुरुवात केली.

मी चहा घेतला आणि त्याचे भांडे मीच विसळून दिले.

तुझा,
मुखरू


मूल,
१५ ऑक्टोबर १९५९

ती. लटारूभाऊस,
साष्टांग नमस्कार.

तुझे कार्ड काल दुपारी मिळाले. पोस्टमन म्हणाला, "बल्लारपूरचं आहे." मी हात धुतले आणि मग घेतले.

त्यात तू लिहिले आहेस: 'मुखरूस. दोन्ही पत्रे मिळाली. बाबाचे धोतर कामी आले, ठीक झाले. बाई जगली का ते कळव. लटारू.'

पंचवीस वर्षांनी चार ओळी, आणि त्यांत तू माझे काही विचारले नाहीस, त्या बाईचे विचारलेस. मी कार्ड इंदुताईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "अक्षर किती छान आहे तुमच्या भावाचं." मी म्हणालो, शाळेत गुरुजी त्याचीच पाटी सगळ्यांना दाखवत. हे मी अभिमानाने सांगितले. आधी कधी तुझ्याबद्दल कोणापाशी बोललोच नव्हतो.

तर कळवतो. बाई जगली. परवा सकाळी इंदुताईंनी भांडे उचलून धरले आणि मला हाक मारली. लघवी वाटीभर होती, गढूळ, पण होती. काल दोन लोटे. आज डॉक्टरांनी नळी काढली. औषधाशिवाय दाब शंभर. डॉक्टर म्हणाले, "मुखरू, मुंबईला मी तीन पाहिले होते. त्यांतला एक वाचला."  बाहेर जाऊन विहिरीपाशी उभा राहिलो आणि हात जोडले.

आता ते वर्ष लिहितो. तुला सगळे माहीत आहे. पण मला ते माहीत आहे असे मी कधी लिहून दिले नाही, म्हणून लिहितो.

भादव्यात सात दिवस पाऊस चालू होता. बाबा तापाने पडून होते. तलाव पाळीच्या माथ्याशी आला होता. तू मला तुडुमावर बसवलेस आणि म्हणालास, "वरची एकच काढजो. पाणी दुसऱ्या पायरीवर उतरू दे. पाळीकडे पाहत राहजो. मी तणस अन् माती घेऊन येतो." मी चोवीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. वरची काढली. पाणी उतरताना दिसेना. वरून पाऊस. मला वाटले पाळ आता फुटते, गाव आता बुडते, आणि मी एकटा आहे. मी दुसरी काढली. मग तिसरी. मग पाचही. भाऊ, खरे सांगतो, त्या वेळी मला वाटले की मी गाव वाचवतो आहे.

पाणी भराभर उतरले. भिजून जड झालेल्या पाळीचा आतल्या बाजूचा आधार गेला आणि ती आत बसली, एखादा म्हातारा खाली बसतो तशी. मग त्या खोलगट जागेवरून उरलेले पाणी गेले. त्या सालचे सगळ्या गावाचे धान गेले.

मी मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. तू आलास, टोपले फेकलेस, छातीएवढ्या पाण्यात तुडुमात उतरलास आणि खुंट्या परत बसवू लागलास. गाव धावत आले तेव्हा दोन खुंट्या तुझ्या हातात होत्या. बाबाला खाटेवर घालून आणले. ते म्हणाले, "लटाऱ्या, काऊन काढलास रे?" तू म्हणालास, "मी नाई काढलो, बाबा." आणि एकदा माझ्याकडे पाहिलेस.

मी माझ्या पायांकडे पाहत होतो.

तू दुसऱ्यांदा बोलला नाहीस. का बोलला नाहीस ते मी पंचवीस वर्षे स्वतःला विचारतो. पाणकरकी घरातून गेली. बाबांनी मरेपर्यंत तुझ्या हातचे पाणी घेतले नाही, माझ्या हातचे घेतले. तू आधी खाणीत गेलास, मग कागदाच्या कारखान्यात. मी बल्लारपूरला एकदा आलो तेव्हा वहिनींनी पाणी दिले आणि तू मागच्या दाराने निघून गेलास. बरोबर केलेस.

डॉक्टरांनी विचारले होते, कुठे शिकलास. बाबांनी सांगितले होते हे खरे. पण सांगितलेले मी त्या दिवशी ऐकले नव्हते. शिकलो ते पाळ बसताना पाहून. सुकरीचा दाब पडला तेव्हा मी तलावच पाहत होतो. माझ्या हाताने जे गेले, त्याच हाताने हे राहिले, आणि मधल्या काळाची किंमत तू भरलीस. लोक मला शाबासकी देत आहेत. ती घेताना मला आनंद होतो. पण ती अर्धी तुझ्या नावावर जायला पाहिजे, आणि गावात तुझ्या नावावर वेगळेच काही आहे.

बिरजूला एक श्वास लागला. हे मी रोज मनात म्हणतो.

कोजागिरीनंतरच्या पहिल्या सोमवारी तुडुमाची पूजा असते. मालगुजारी गेली, तलाव सरकारात गेला, पण पूजा अजून गावच करते आणि पहिली खुंटी पाणकरच काढतो. सगळे पाळीवर असतात. मी डॉक्टरांकडे सोमवारची सुट्टी मागितली आहे.

मुखरू


मूल,
२० ऑक्टोबर १९५९

ती. लटारूभाऊस,
साष्टांग नमस्कार. रुखमावहिनींना नमस्कार.

आधी सुकरीचे, कारण तू विचारशील. दाब एकशे दहा. सूज उतरली. ती आता डोमाला रागावते, म्हणजे बरी आहे. आठवडाभरात घरी जाईल. रविवारी तिने डोमाकडून धोतर विहिरीवर धुऊन घेतले, स्वतः घडी केली आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "दादा, तुज्या बापाचं लुगडं घे." बिरजू इतका हसला की शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला.

ते धोतर पिशवीत घेऊन मी काल गावी गेलो.

पाळीवर निम्मे गाव होते. लोंब्या बाहेर आल्या आहेत, धानाच्या बांधी पाण्याची वाट पाहत आहेत. तुडुमाला हळद-कुंकू लावले होते. झाडूभाऊ पाणकर आता सत्तरीचा आहे, काठी घेऊन उभा होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"कोण, रामाजीचा मुखरू? मले वाटलं तू आता साहेबच झालास, चिखल विसरलास."

"चिखल कसा विसरन, झाडूभाऊ."

"मग एवढ्या वर्सांनी कसा काय? पाळ पाहाले आलास का? मजबूत हाय. तुया भावानंतर कोणी फोडली नाई."

चार माणसे हसली. त्यांत वाईटपणा नव्हता. एवढ्या वर्षांत ते बोलण्यातले नेहमीचे झाले आहे, हे मला तिथे कळले. सुगंधाबाई पूजेचे ताट घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लटारू हाय कुठी आता? जित्ता हाय का?"

मी म्हणालो, "बल्लारपूरले हाय. बरा हाय. त्याच्याचबद्दल बोलाले आलो."

मग मी बोललो. काय बोललो ते शेवटी लिहितो. आधी नंतरचे लिहितो, कारण तुला पुढच्या सोमवारचे ठरवायचे आहे.

लोक पाळीवरून जवळ सरकले. मग एकाने शिवी दिली. ती मी ऐकून घेतली. सुगंधाबाई म्हणाली, "पंचवीस वर्सं गप होतास, आताच काऊन बोललास रे?" मी म्हणालो, "आमच्या दवाखान्यात एक माणूस एका दमात बोलला, बाई. मले लाज वाटली." ती म्हणाली, "लवकर वाटली," आणि ताट उचलून पदराने डोळे पुसले.

झाडूभाऊने काठी बाजूला ठेवली. खाली उतरून त्याने वरची खुंटी काढली. पाणी आले. तो पाळीकडे पाहत राहिला, जसे पाहायला पाहिजे तसे. वर आल्यावर म्हणाला, "दुसरी खुंटी पुढच्या सोमवारी. ती मी नाई काढत. लटारूले म्हण, येऊन काढ. नाई आला तर त्याच्या पुढच्या सोमवारी. धान थांबंल तोवर थांबू." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अन् तू दूर उभा राहजो."

भाऊ, मी जाताना वाटेत ठरवले होते की मान खाली घालून बोलेन. तसे झाले नाही. पाळीवर उभे राहिल्यावर मान आपोआप वर झाली. मला तुझा अभिमान वाटत होता, आणि तो लोकांसमोर, मोठ्याने वाटून घेता येत होता. सुकरीच्या दाबाचा पारा वर चढताना जे वाटले होते, त्याहून हे मोठे होते.

धोतर आता माझ्या फळीवर ठेवत नाही. ते झाडूभाऊकडे ठेवून आलो आहे. तुडुमात उतरताना बाबा कमरेला बांधत असत तसे तू ते बांध.

आणि आता जे बोललो ते. तू तिथे नव्हतास आणि ते ऐकण्याचा पहिला हक्क तुझा होता, म्हणून जसेच्या तसे लिहितो. मी बाबाचे धोतर हातात घेतले, तुडुमाच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो:

"त्या सालच्या पाचही खुंट्या मी काढलो होतो. लटारूभाऊनं एकच काढाले सांगितली होती. मी भेलो अन् सगळ्या काढलो, अन् मोहाखाली जाऊन लपलो. तुमी आले तवा त्याच्या हातात खुंट्या होत्या, त्या तो परत बसवून राह्यला होता."